मोठच्या गौरी

१० ऑगस्ट
म्हणे गौरी नदीत सोडणार! मोठच्या गौरी! माझ्या बापाच्या घरच्या! वहिनीने फोनवर असं सांगितलं जशी फाटकी चादर टाकायची आहे. दसऱ्याला दोघं मोठ गाव सोडून लेकाकडे इंदूरला चाललेत. फ्लॅटात उभ्या गौरी कोण मांडणार, म्हणून यंदापासूनच बंद. दोन्ही मुखवटे बेतव्यात. दादा मागे नुसता खोकत होता. मी म्हटलं, मला विचारलंत? तर म्हणे, "वन्सं, तुम्ही लेक. लेकीला काय विचारायचं?"
फोन आपटला.

११ ऑगस्ट
पोळ्या लाटताना मोठच डोळ्यापुढे. बाबा मंडीतून सोळा भाज्या जमल्याशिवाय घरी यायचे नाहीत. शेजारची चंपाकाकी परसातला कुम्हडा, म्हणजे लाल भोपळा, घेऊन दारातूनच ओरडायची, बिन्नू आ गई? लेक आली का? पहिल्या संध्याकाळी मेथीची भाजी आणि भाकरी — गौर लांबून चालत आलेली, तिला साधंच हवं. दुसऱ्या दिवशी पुरण, कटाची आमटी, ज्वारीची आंबील. आंबील पिताना काकी दरवर्षी तेच म्हणायची, "जा तो हमाई महेरी आय, नाम बदल लओ तुमने." आमची महेरीच ही, नुसतं नाव बदललंत. आई हसून तिची वाटी परत भरायची.
लग्न झालं, आई गेली, पण गौरीला मोठ चुकवलं नाही. झाशीत राहते मी. माहेर मोठला. आता कुठे जायचं?

१३ ऑगस्ट
ह्यांना म्हटलं, गौरी मीच आणते इकडे. हे पेपरातून म्हणाले, आईला विचार. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे खड्यांच्या गौरी. नदीवरचे खडे आणून पुजायचे. मुखवटे आपल्या घरात चालत नाहीत. आणि मग म्हणाल्या, "गौर माहेरपणाला येते. तू माहेरच उचलून सासरी आणलंस, तर ती बिचारी येणार कुठे?"
बोलणं खरं होतं. म्हणून जास्तच राग आला.

१६ ऑगस्ट
बसने मोठला गेले. भांडायलाच. वहिनी पितळी डबे पुसत होती. मुखवटे लाल फडक्यात बांधून कोनाड्यात. दादा मला बघून अंगणात जाऊन बसला. मी बोलत सुटले — आईचं पुरण, आईची आंबील, सगळं बुडवलंत! ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "आईंचं पुरण? आई जाऊन किती वर्षं झाली, वन्सं?"
तिने दुसरा डबा पुढ्यात ओढला.
"लग्न होऊन आले तेव्हापासून गौरीत ग्वाल्हेरला माहेरी गेले नाही मी. तुम्ही यायच्या म्हणून. आता तर तिथे कोणी उरलंही नाही."
आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. निघताना वाटीभर आंबील पुढे केली. उभ्यानेच प्यायले. तीच चव. दरवर्षीची. तिच्याच हातची.

१७ ऑगस्ट
जेवलीस का, सासूबाईंनी दोनदा विचारलं.

१८ ऑगस्ट
सकाळी सासूबाईंना म्हटलं, गौरी नाही आणत. वहिनीला आणू? माहेरपणाला? त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, माणूस यायला कुठला कुळाचार आड येतो? आण.
लगेच फोन केला. मुखवट्यांचं तुझं तू ठरव, म्हटलं. सोड नाहीतर इंदूरला ने. गौरीचे तिन्ही दिवस तू झाशीला यायचं. दादा मोठला खिचडी करून खाईल. चूल माझी. तू नुसतं बसायचं, आयतं जेवायचं.
मग म्हणाली, "आंबील जमेल तुम्हाला?"
म्हटलं, नाही जमणार, बिघडेल. तरी प्यायची. आणि हरतालिकेपर्यंत सांग — हो की नाही. 'बघू' चालणार नाही.