लेबलवर चाळीस, मोजून छत्तीस

सोमवार, ४ मार्च

लेक फोनवर हसली. नुसती हसली नाही, जावयाला हाक मारून वाचून दाखवलं! जुने कपडे ऑनलाइन विकायचे म्हणून मी पहिल्या टॉपचं टायटल लिहिलं होतं — "अतिशय सुंदर, मनाला भावणारा टॉप". काय वाईट आहे त्यात? म्हणे, "आई, विकत घेणारी बाई 'मनाला भावणारा' असं टाईप करून शोधते का गं? काय आहे ते लिही. रंग, कापड, माप, किती वापरलाय. बस्स. कविता नको."

बत्तीस वर्षं आवक-जावक विभागात पत्रांचे विषय लिहिले मी. दीड ओळीत अख्खं पत्र बसवायचे. जानेवारीअखेर निवृत्त झाले आणि आता ही मला शिकवते.

बरं, लिहिलं — "हिरवा सुती टॉप, लांब बाही, माप ४०, चांगल्या स्थितीत". लेक म्हणाली, पास. सातवा महिना आहे तिला, दोन आठवडे उलट्यांनी बेजार होती. हसली तेवढंच बरं.

मंगळवार, ५ मार्च

यांना पसंत नाही. "कपडे कशाला विकायचे? काय नडलंय?" नडलं काही नाही, पण ऑफिसच्या कपड्यांनी कपाट अडलंय आणि बाळ आलं की त्याचं सामान ठेवायचं कुठे? मग थोड्या वेळाने वर्तमानपत्राआडून — "मोजत वगैरे बसू नकोस. लेबलवरचं माप लिही आणि मोकळी हो."

कधी नव्हे ते कामाचं बोलले.

शनिवार, ९ मार्च

तीन गेले! हिरवा टॉप, काळी पँट, राखाडी जाकीट. हिरवा तर मी जानेवारीपर्यंत घालत होते. पाकिटावर पत्ता लिहिताना जरा वाईट वाटलं. हे पोस्टात टाकायला गेले, परत आल्यावर उगाचच म्हणाले, "हिरवा ठेवायला हवा होतास."

गुरुवार, १४ मार्च

तोंडात मारल्यासारखं झालं. हिरव्या टॉपवालीचा निरोप — "ताई, टायटलमध्ये ४० लिहिलंय. टॉप छत्तीसचा आहे. दोन्ही बाजूंना आत कापड दुमडून शिवलंय. अशी फसवणूक का करता?" आणि पाचांपैकी एकच तारा.

फसवणूक? मी? आयुष्यात कुणाचा एक टाचणीडबा घरी आणला नाही ऑफिसातून.

तिला लिहिलं की पैसे परत करते, टॉप ठेवून घ्या. पण टॉप मी नवा घेतला होता. मी कधीच आत घेतलेला नाही.

शुक्रवार, १५ मार्च

हे बँकेत गेल्यावर टेप काढली. पलंगावर एकेक कपडा सपाट पसरला, काखेपासून काखेपर्यंत मोजला, दुप्पट केला. लेकीने तसंच सांगितलं होतं.

निळा ड्रेस — लेबलवर ४०, मोजून ३६. ठिपक्यांचा शर्ट — ४०, मोजून ३७. तपकिरी टॉप — ३६. पांढरा — ३६ला पाव कमी. एकाही कपड्याचं लेबल खरं बोलेना! उलटे करून पाहिले. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना दुसरी शिवण. बारीक, सुबक, रंगाला रंग जुळवून.

एकच बरोबर निघाला. मोहरी रंगाचा, वहिनीने दिलेला. रंग आवडला नाही म्हणून दोन वर्षं तळाशी पडून होता. तो चाळीसच्या चाळीस.

म्हणजे जे मी घालत होते तेवढेच बदललेत. कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले. यांना बोलले नाही.

शनिवार, १६ मार्च

लाँड्रीत जाऊन भांडले. आटवले तुम्हीच, म्हटलं. लाँड्रीवाला शांतपणे म्हणाला, "बाई, आटलेल्या कपड्याला नवी शिवण येते का? आम्ही धुतो, इस्त्री करतो. शिवत नाही." आणि वर — "साहेब आधी पलीकडे मास्तरांकडे जातात, मग आमच्याकडे येतात."

साहेब. म्हणजे हे. लाँड्रीचं गाठोडं गेल्या वर्षीपासून हेच नेतात. "तुझं गाठीचं ऑपरेशन झालंय, ओझं उचलू नकोस." मला केवढं कौतुक वाटलं होतं!

शिंप्याकडे जायचं धाडस झालं नाही. घरी आले.

रविवार, १७ मार्च

लिहायलाही लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे. काल रात्रभर मनात एकच — माझे कपडे कुणी दुसरीच घालते. माझ्यापेक्षा बारीक. हे तिला नेऊन देतात आणि परत आणतात.

त्रेसष्ट वर्षांचा माणूस. स्वतःचा मोजा स्वतःला सापडत नाही. हसू यायला हवं होतं, आलं नाही. जेवताना यांच्याकडे बघत राहिले. "काय झालं?" म्हणाले. "मीठ कमी आहे," म्हटलं. मीठ बरोबर होतं.

सोमवार, १८ मार्च

मास्तरांकडे गेले.

चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले माझ्याकडे. बसायला स्टूल दिलं. मी तयारी करून गेले होते — कोण आहे ती, किती दिवस चाललंय. त्याआधी तेच म्हणाले, "आता कसं वाटतंय तुम्हाला? जेवण जातं का?"

मी म्हटलं, मला काय झालंय?

त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

भिंतीवरच्या खिळ्याला कामाच्या चिठ्ठ्या टोचलेल्या असतात, त्यांतून त्यांनी एकेक काढून दिली. अकरा चिठ्ठ्या. यांचं अक्षर. पहिली सप्टेंबरची — "चार नग. दोन्ही बाजूंनी पाव इंच. कळता कामा नये." मग ऑक्टोबर, पाव इंच. नोव्हेंबरच्या दोन. शेवटची २६ फेब्रुवारीची. प्रत्येकीखाली तेच वाक्य — "कापड कापू नये, पुढे सोडावं लागेल."

मास्तर म्हणाले, "सगळी माया, जादाचं कापड, शिवणीत तशीच ठेवलीय, बाई. साहेबांनी बजावलंय. तुमचं अंग परत भरलं की उसवायचं."

रस्ता कसा ओलांडला आठवत नाही.

घरी येऊन मोहरी टॉप घातला. हँगरवर टांगावा तसा लोंबला. खांदे दंडावर आले. मग टेप घेतली आणि कपडा नाही, स्वतःला मोजलं. आरशासमोर, दोनदा. चौतीस.

सहा महिने रोज कपडे चढवले, सगळे अंगाला बरोबर! मग शंका येणार कुठून? वजनकाटा बिघडला म्हणून यांनी ऑक्टोबरात भंगारवाल्याला दिला. अंगठी फिरायला लागली तर म्हणे, थंडीत बोटं बारीक होतात. ताकदीच्या म्हणून रोज हातावर ठेवतात त्या गोळ्या, बिनलेबलाच्या बाटलीतल्या. दर तपासणीनंतर "तू बाहेर बस, मी बिल बघतो" म्हणून एकटेच डॉक्टरांकडे परत जायचे. मी बाहेर बसून मासिक चाळायचे. एवढी कशी मी मूर्ख?

बाई, वय ५९, लेबलवर ४०, मोजून ३४. आतून काय, ते विकणाऱ्याने लिहिलेलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

विचारलं. हे दूध तापवत होते, पाठमोरे. म्हटलं, अकरा चिठ्ठ्या वाचल्या मी.

दूध उतू गेलं. त्यांनी गॅस बंद केला नाही, मी केला.

"गाठ साधी नव्हती," म्हणाले. जूनपासून माहीत आहे यांना. गोळ्या त्यावरच्याच आहेत. डॉक्टर म्हणतात, लागू पडल्या तर अंग धरेल, वाट बघू. आणि नाही पडल्या तर? त्यांनी फडकं घेतलं आणि उतू गेलेलं दूध पुसायला लागले.

मी ओरडले. शरीर माझं, आणि बातमी मला शिंप्याकडून कळते! ते खाली मान घालून ओटा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आईला रिपोर्ट कळला आणि दुसऱ्या दिवसापासून तिने जेवण सोडलं. तूच म्हणाली होतीस, तिला सांगायला नको होतं. किती वर्षं म्हणत होतीस."

म्हणाले होते. खरं आहे. तरी राग जात नाही. यांनी माझे नऊ महिने मला न विचारता नेले.

लेकीला माहीत नाही. तेवढं विचारून घेतलं.

बुधवार, २० मार्च

बोलले नाही. जेवले मात्र. मुद्दाम, दोन वेळा, पोटभर.

शुक्रवार, २२ मार्च

हिरव्या टॉपवालीचा पुन्हा निरोप — "ताई, आतली शिवण उसवली. कापड पूर्ण होतं, आता चाळीस बरोबर बसतो. माफ करा, रागाने लिहिलं. तारे बदलले." पाच दिलेत.

तो निरोप यांना वाचून दाखवला. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलले यांच्याशी. त्यांनी फोन हातात घेतला, स्वतः वाचला, पुन्हा वाचला. मग बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

मी बाकीच्यांची टायटलं दुरुस्त केली. "पांढरा सुती टॉप, लेबल ४०, सध्या ३६, आत कापड शिल्लक, सोडता येईल." सगळ्यांची नाही. निळा ड्रेस आणि ठिपक्यांचा शर्ट विक्रीतून काढून घेतले. ते माझे आहेत, मला लागतील. आता तर छत्तीसही सैल होतात.

रविवार, २४ मार्च

लेकीचा फोन. टायटलं आवडली तिला, म्हणाली, आता तू मला शिकव. मग म्हणाली, "आई, त्या पांढऱ्या टॉपच्या फोटोत मागे आरशात तू आहेस. केवढी बारीक दिसतेस गं? बरी आहेस ना?"

"आरशाचा दोष आहे तो," म्हटलं. "जुना झालाय, लांबुडकं दाखवतो. उद्याच भंगारवाल्याला देणार आहे."

हे समोर बसून लाँड्रीचं गाठोडं बांधत होते. हात थांबले त्यांचे. मी उठून निळा ड्रेस आणला आणि गाठोड्यात ठेवला.