सहा बादल्यांचं गणित

कामरगाव, ८ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजित यास अ. उ. आशीर्वाद. सप्रेम जयभीम वि. वि.

फोनवर तू बघू म्हणतोस नि ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितो. तुझ्या आईच्या गुडघ्याला महिनाभर रोज मशीनचा शेक हवा, तो वाशीमलाच मिळतो. इथून रोजचे एसटीचे हेलपाटे तिला झेपत नाहीत. तुमचं म्हणणं, थंडीत गिझरचं पाणी आम्हा दोघांना पुरणार नाही. म्हणून हिशेब मांडला.

तुझा गिझर टाकीचा नाही, वाहतं पाणी तापवणारा, तीन किलोवॅटचा. आपलं तापाचं थर्मामीटर नळाच्या पाण्यात मुकंच राहिलं, तेव्हा शाळेतल्या सरांकडून दुसरं आणलं. पाणी वीस अंश, अंघोळीला हवं चाळीस. म्हणजे मिनिटाला दोन लिटर, सोळा लिटरची बादली आठ मिनिटांत. वीज असेतो धार तुटत नाही. सहा माणसांना पाऊण तास. मग काहून पुरणार नाही? सपनाला सांग, सासरा म्हातारपणी शास्त्रज्ञ झाला.

लोभ आटू देऊ नये.

तुझा बाबा,
गोविंदा

वाशीम, १६ डिसेंबर २०२४

ती. बाबांस सा. न. जयभीम.

पत्र वाचून सपना हसली. तुमची रीत बरोबर आहे, पण आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी चौदा अंश असतं. म्हणजे मिनिटाला पावणेदोन लिटरही नाही. बादलीला दहा मिनिटं, सहा जणांना तास. सातला मुलांची शाळेची गाडी येते. उन्हाळ्यात निवांत या. आईला गुडघा जपायला सांगा.

आपला,
प्रसेनजित

कामरगाव, २३ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजित यास आशीर्वाद नि जयभीम.

तुझा हिशेब तपासला, चुकलेला नाही. आम्ही दुपारी अंघोळ करू, असं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, त्यालाही तुझ्याकडे आकडा असेल. गुडघा उन्हाळ्यापर्यंत थांबणार नाही, हे डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले होते.

आईला एवढंच सांगितलं, की वाशीमला गरम पाणी पुरत नाही. तिचा जीव कळवळला. म्हणे, लेकरं तिकडं कुडकुडून राह्यली अन् आपुन इथं बंब पेटवून बसलो. लंगडत उठली, तांब्याचा बंब चिंचेनं घासला. जीपवाल्या मोहनसिंगच्या हाती उद्या पाठवते आहे. जाळायला पऱ्हाट्याही बांधल्यात. फ्लॅटात धूर कोंडेल हे तिच्या ध्यानात नाही, मीही बोललो नाही.

बंब ठेवून घे. परत पाठवलास तर तिला कारण सांगावं लागेल, ते काम माझ्यावर टाकू नकोस.

सपनाला, मुलांना आशीर्वाद. लोभ असेल तितका असू दे.

गोविंदा