आधी उलटा हात

३ मार्च, मंगळवार

माफी आधीच मागून ठेवते. माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच आहे. आणि मोबाईलवर टाईप करायला इतका वेळ लागतो की जोडाक्षर सापडेपर्यंत पुढचं वाक्य विसरते. पण वहीत लिहिलं तर आई वाचते. म्हणून इथे.

आज मसाजच्या कामाचा पहिला दिवस. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला. तीन टेबलं, मध्ये पडदे. टेबलाला तोंडासाठी भोक असतं! माणूस पालथा झोपला की तोंड त्या भोकात. मी खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकले तर वरून एक नाक आणि दोन डोळे माझ्याकडे बघतायत. "नवीन का गं तू?" मी पळाले.

मालकिणीला सगळे काकू म्हणतात. दंड पैलवानासारखे, आवाज मात्र अगदी बारीक. मला म्हणाल्या, "बोलत नाहीस का?" मी मान हलवली. "म्हणजे हो का नाही?" मलाच कळेना. "बरं. आधी टॉवेल."

४ मार्च, बुधवार

टॉवेल. टॉवेल. टॉवेल.

६ मार्च, शुक्रवार

आज काकूंनी मला पडद्याच्या आत उभं केलं. "नुसतं बघ."

एक रंगारी आला होता, घरं रंगवणारा. दिवसभर छताकडे बघून बघून मान आखडलेली. कोणी हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा, कपाटासारखा. काकूंनी तेल पाठीवर नाही ओतलं, आधी स्वतःच्या हातात घेऊन कोमट केलं. मग कमरेपासून खांद्यापर्यंत लांब लांब हात. घाई नाही. मग खांद्याचा गोळा धरून कणीक मळावी तसं मळलं. मग एकाच जागी अंगठा ठेवला आणि थांबल्या. काहीच करेनात! मला वाटलं विसरल्या. तेवढ्यात अंगठ्याखालचा तो गोळा विरघळला. खरंच विरघळला, मी डोळ्यांनी बघितला!

आणि काकूंचा हात अंगावरून पूर्ण सुटतच नाही. एक हात तेलाला गेला की दुसरा पाठीवर. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. "पालथ्या माणसाला दिसत नाही ना. हात गेला की त्याला वाटतं आपल्याला टाकून गेले."

रंगारी उठला. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग खुर्चीत बसून रडायला लागला. एवढा मोठा बाप्या! काकूंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "होतं असं. सावकाश उठा, चक्कर येईल."

मी घरी येऊन माझेच हात बघत बसले.

९ मार्च, सोमवार

घरचं पण लिहायला हवं. बाबा लांब पल्ल्याची बस चालवतात. मी नववीत शाळा सोडली. बाईंनी उभं केलं की माझा घसाच बंद व्हायचा, आणि एक दिवस मी फाटकातूनच परत आले. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. मी समोर बसलेली असते आणि ते म्हणतात, "तिला सांग, पाणी आण." आई म्हणते, "अगं, पाणी आण." मी आणते. "तिला सांग, पंखा बंद कर." आई एकदा वैतागून म्हणाली, "मी काय टेलिफोन आहे का?" कोणी हसलं नाही.

आज रात्रीची गाडी आहे म्हणाले. कुठल्या कामाला लागलेय ते त्यांनी विचारलं नाही. आईने सांगितलं असेल.

११ मार्च, बुधवार

शिकले! काकूंनी स्वतःचे पाय माझ्यापुढे ठेवले. "कर."

पोटरीवर हात खालून वर, काळजाच्या दिशेने. परत खाली येताना नुसता स्पर्श, जोर नाही. मणक्यावर कधीच नाही, मणक्याच्या बाजूने. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात जोर नाही. गळ्याला पुढून हात नाही. ताप असेल, जखम असेल, हाड मोडलेलं असेल, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल तर आधी विचार, मग हात.

आणि सगळ्याच्या आधी उलटा हात. म्हणजे तेल घ्यायच्या आधी, हात कोमट करायच्याही आधी, बोटांच्या मागच्या बाजूने दोन्ही पायांना एकदम लावून बघायचं. काकू म्हणाल्या, "तळहात ऊन झाला की त्याला दुसऱ्याचं ऊन कळत नाही. एक पाय गरम नि एक गार असेल, एकच सुजला असेल, तर हात लावायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलीस तर सुटून जाईल फुप्फुसात."

"मग?"

मी बोलले! "मग?" म्हणाले. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मग काय, त्याला चालू द्यायचं नाही. सरळ दवाखाना."

१४ मार्च, शनिवार

लोक तोंडाने खोटं बोलतात. "दुखतंय का?" विचारलं की "छे छे, छान वाटतंय." काकू पायाची बोटं बघतात. बोटं आखडली म्हणजे दुखतंय. मला तर हे इतकं आवडलं! बोटं माझ्याकडे बघत नाहीत ना.

आता रस्त्यात चपला घातलेली माणसं दिसली की मी बोटंच बघते. आई म्हणाली, "काय पडलंय का तुझं?"

१६ मार्च, सोमवार

माझं पहिलं माणूस. पोस्टातल्या बाई, दिवसभर उभं राहून पाय भरून येणाऱ्या. प्रश्न मलाच विचारायचे होते. काकू पडद्याबाहेर उभ्या. "प्रश्न नाही तर हात नाही," एवढंच म्हणाल्या.

घसा बंद. बाई वाट बघतायत. शेवटी मी त्यांच्या टाचांकडे बघत सगळं एका दमात म्हणून टाकलं – तापआहेकागोळ्याचालूआहेतका. बाई म्हणाल्या, "अगं श्वास घे, नाहीतर तुलाच झोपवावं लागेल इथे."

मग उलटा हात. मग तेल. थोड्या वेळाने बाई घोरायला लागल्या. माझ्या हाताखाली एक माणूस झोपलं! मला हलायची भीती वाटत होती. देवळात असल्यासारखं.

१९ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिते. 

बाबा सकाळी आले. लागोपाठ दोन फेऱ्या केल्या, बदली ड्रायव्हर आलाच नाही. खुर्चीत बसले, डावा पाय पुढे केला आणि म्हणाले, "पोटरीत गोळा आलाय. तिला सांग, जरा चोळून दे."

तिला सांग!! चोळून दे!! आई माझ्याकडे वळायच्या आत मी तेल गरम पाण्यात ठेवलं होतं. बाबांना माझं काम माहीत होतं. बाबांनी मागितलं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. हात चोळून चोळून ऊन केले. खाली बसले. खालून वर, हलका हात. एकदा. दोनदा.

आणि मग बोटं दिसली. आखडलेली. मी जोर दिलाच नव्हता!

मोज्याची खूण डाव्या पायावर खोल, उजव्यावर काहीच नाही. पोटरी ताणलेली, चकचकीत. आणि मी उलटा हात लावलाच नव्हता. पहिल्यांदा विसरले, तेही बाबांच्या वेळी. हात पुसले, नळाखाली गार केले, दोन्ही पायांना बोटांची मागची बाजू लावली. डावा भाजत होता.

मी हात काढून घेतले.

"काय झालं? तिला सांग, थांबू नको," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "अगं, थांबू नको."

घसा बंद. तसाच, वर्गात उभं केल्यासारखा. मी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "बाबा, दम लागतोय का? छातीत दुखतंय का?"

आई टेलिफोन व्हायची थांबली. बाबा म्हणाले, "शाळा सोडली आणि आता डॉक्टरीण झाली!" पण ते माझ्याकडे बघून म्हणाले. "चोळायचं सोडून नाटकं. राहू दे, मी जरा चालून येतो, मोकळा होईल."

"नाही चालायचं!"

मी ओरडले. मी! खालचे शेजारी काका जिन्यात आले, काय झालं म्हणून. त्यांनाच म्हटलं, "रिक्षा आणा. दवाखान्यात न्यायचंय." बाबा रस्ताभर पुटपुटत होते की पोटरीच्या गोळ्याला कोणी दवाखान्यात नेतं का.

डॉक्टरांनी पायाला मशीन लावून बघितलं. मांडीपर्यंत गुठळी.

२० मार्च, शुक्रवार

दोन वेळा चोळलं मी. दोन वेळा.

२१ मार्च, शनिवार

काकूंना सांगितलं. सगळं, उलटा हात विसरले तेसुद्धा. वाटलं, काढून टाकतील. त्यांनी विचारलं, "जोर दिलास?" "नाही." "विसरलीस का?" मी म्हणाले, "त्यांनी मागितलं म्हणून." काकूंनी माझे दोन्ही हात त्यांच्या हातात घेतले आणि पंजे मळायला लागल्या. कोणी माझे हात कधी असे धरले नव्हते. तळव्याच्या मध्ये अंगठा ठेवला आणि थांबल्या. मी पण रंगाऱ्यासारखी रडले.

"आता नाही विसरणार," काकू म्हणाल्या. "ऊठ. टॉवेल राहिलेत."

२३ मार्च, सोमवार

बाबांचा दम ठीक आहे. पोटात रक्त पातळ व्हायची इंजेक्शनं देतायत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण तासनतास बसून गाडी चालवणं आता नको. आईने सगळ्या वॉर्डला सांगितलं. बाबा भिंतीकडे तोंड करून होते.

डबा ठेवून मी तशीच उभी राहिले. त्यांची बोटं बघितली. सैल होती.

२८ मार्च, शनिवार

बाबा घरी आले. आई भाजी आणायला गेली होती. मी उशी लावत होते तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मी नोकरी सोडली. कालच डेपोत फोन करून सांगितलं. तुझ्या आईला तू सांग."