पहिल्या झटक्यात

२ जानेवारी
उणे अठरा अंश. यंदाचा संकल्प: ट्रॅक्टर रोज सुरू करायचा, म्हणजे तो आखडणार नाही. ट्रॅक्टर वडिलांचा. घरात सगळे त्याला म्हातारा म्हणतात.
राइलीने, म्हणजे बायकोने, नाताळात इंजिनाचा हीटर भेट दिला. चुंबकाने इंजिनाखाली चिकटवायचा, प्लग लावायचा, की इंजिन आपोआप कोमट. खोका फोडलेला नाही. ज्यांना इंजिन कळत नाही त्यांच्यासाठी ती सोय.
टाकीत अजून ऑगस्टचं उन्हाळी डिझेल आहे. शेजारीण हेल्का म्हणते, कडाक्यात ते थिजतं, हिवाळी भर. हेल्काच्या नव्या ट्रॅक्टरची सीटसुद्धा गरम होते. तिला थंडीतलं काय कळणार.

५ जानेवारी
सुरू केला नाही. मुद्दाम. बॅटरीला विश्रांती हवी.

८ जानेवारी
मुलीचा, औतीचा फोन. नातवाचं बारसं अठराला, रविवारी, इथेच आमच्या टेकडीवरच्या घरी. नाव अर्थातच गुपित. पाद्रीबाई उच्चारेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आणि मीही विचारलं नाही. फक्त बोलता बोलता म्हटलं, की ओइवा हे नाव हल्ली शहरातसुद्धा पुन्हा ठेवतात म्हणे. माझं आहे म्हणून नव्हे.
ती म्हणाली, बाबा, बर्फ फार पडलाय, रस्ता साफ करायला हेल्काला सांगू का? मी म्हटलं, नातवाच्या बारशाचा रस्ता आजोबाच उघडणार. हेल्काला तसं बजावूनही आलो.
राइली श्वास आत ओढत 'हं' म्हणाली. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार. तिचा वेगळा असतो.

१३ जानेवारी
उणे चोवीस. चावी फिरवली. म्हातारा कण्हला आणि गप्प झाला. दोष बॅटरीचा. घरात आणून चुलीशेजारी ठेवली. तिथे राइलीने पावाचं पीठ फुगायला ठेवलं होतं. तिचं म्हणणं, दोघांपैकी एकाने बाहेर जावं. त्या दोघांत पीठ नव्हतं. बॅटरी आणि मी.

१५ जानेवारी
वडिलांची पद्धत. साउनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भट्टीतले निखारे पत्र्याच्या घमेल्यात घेऊन इंजिनाखाली सरकवले. तेल छान पातळ झालं. इंजिन सुरू व्हायच्या बेतातच होतं, पण ताडपत्रीने पेट घेतला आणि सगळा वेळ ती विझवण्यात गेला. ताडपत्री तशीही जुनी होती.

१७ जानेवारी
दिवसभर बर्फ. औती, जावई आणि बाळ काल आले. जावयाने न विचारता खोका फोडून हीटर लावला. लावू दिला. शहरातल्या माणसाला इथे आपला काही उपयोग आहे असं वाटायला हवं.
राइली म्हणते, हेल्काला अजूनही फोन करता येईल. काही गरज नाही.

१८ जानेवारी, सकाळ
उणे सव्वीस. पहिल्या झटक्यात सुरू. धूर आधी पांढरा, मग निळसर, मग जवळजवळ नाहीच. इंजिन गरम होतंय तोवर सीटवर बसून लिहितोय. खिडकीत औती बाळाला घेऊन उभी आहे. मी हात केला. डोळ्यांत पाणी आलं. धुराने.
निघतो.

१८ जानेवारी, संध्याकाळ
उतारावरच्या वळणापर्यंत झकास. मग म्हातारा दोनदा खोकला आणि थांबला. नेमका आडवा. ट्रॅक्टरमुळे रस्ता पुरता बंद. फिल्टरमध्ये डिझेल थिजलं होतं. हेल्का तसं म्हणाली होती हा योगायोग.
खाली पाद्रीबाईंची गाडी, मागे सगळे पाहुणे. बाईंना पुढे आणखी एक बारसं होतं. झग्याची पिशवी डोक्यावर धरून त्या कमरेएवढ्या बर्फातून मला वळसा घालून चढल्या, मागोमाग पाहुणेही. मी इंजिनाखालून म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी आलोच.
औती खाली आली. म्हणाली, बाबा, ट्रॅक्टर राहू दे, तू ये ना. मी म्हटलं, दोनच मिनिटं. फिल्टर कोटाच्या आत, पोटाशी धरून बसलो होतो. ऊब लागत होती. त्याला. तेवढ्यात सोडून जाणं बरं दिसलं नसतं.
मग बारसं आटोपल्यावर हेल्का त्याच कपड्यांत आपला ट्रॅक्टर घेऊन आली. साखळी अडकवली. म्हणाली, नाव ऐकलंस?
मी म्हटलं, म्हणजे काय, ऐकलं की.
ती साखळीकडे बघत म्हणाली, "ओइवा ठेवलं. पाद्रीबाईंनी विचारलं, आजोबा कुठे आहेत? राइली म्हणाली, रस्ता उघडतायत. कुणी हसलं नाही रे."
वर पोचलो तेव्हा केक संपला होता आणि बाळ झोपलं होतं.

२० जानेवारी
सगळे गेले. एकदम उबारा आलाय, छपरावरून पाणी ठिबकतंय. टाकी रिकामी करून हिवाळी डिझेल भरलं. टाकी अधूनमधून धुवावीच लागते.
म्हातारा पहिल्या झटक्यात सुरू झाला. जायचं कुठेच नव्हतं. तरी थोडा वेळ चालू ठेवून बसलो. पाद्रीबाईंनी म्हटलं असेल तसं 'ओइवा' म्हणून पाहिलं, मोठ्याने. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.