अंगणावरून जाताना

रेन, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

विमानातून केलेलं ते चित्रण मी आज, बाबा गेल्यानंतर, पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी गुल्वेन चालवत असलेल्या छोट्या विमानातून मी खाडीतल्या कालवांच्या शेतीचे फोटो काढत होते. आपलं घर येताच तो ओरडला, “अगं, खाली बघ! हात तरी कर!”

“थांब रे, ऊन जाईल,” मी म्हटलं.

पंखाखालच्या कॅमेऱ्यात मात्र सगळं आलंय. तू बाबांना खुर्चीसकट अंगणात आणलंयस आणि घर मागे पडेपर्यंत ते टोपी हलवताहेत.

नंतर त्यांनी काही विचारलं का गं? मीही हात केला होता, असं तू त्यांना सांगितलं असशील, तर फार बरं केलंस.

तुझीच,
नोल्वेन