काशीमीऱ्याला आई सोल गायची

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाहीये. शांती नगरच्या घरात तू भाकऱ्या थापताना गायचीस. शेजारचे अंकल काशीमीऱ्याच्या एका हॉटेलात कीबोर्ड वाजवायचे. एकदा ते दारातच थबकले. "भाभी, ऐसी आवाज किचन में क्यूँ वेस्ट करते हो?" मग त्यांनीच तुला सोल शिकवलं. काळीज पिळवटून म्हणायची ती इंग्रजी गाणी. अर्थ तू त्यांच्याकडून हिंदीत समजून घ्यायचीस. बाबा हसले, "रत्नागिरीची बाई आणि इंग्रजी गाणी!" आणि शनिवारी स्वतःच तुला त्या हॉटेलात गायला स्कूटरवरून सोडायला निघाले.

तिथे मी तुला एकदाच ऐकलं. अबोली साडी नेसून, डोळे मिटून तू उभी आहेस. एका ओळीवर आवाज असा चढवतेस की जेवणाऱ्यांचे हात थांबतात, वेटर ट्रे घेऊन तसाच उभा राहतो. ही आपली आई नाहीच, असं वाटून मी बाबांचा हात घट्ट धरते.

वर्षही झालं नसेल, तुझ्या गळ्यात गाठ निघाली. "गाता येईल ना?" तू विचारलंस. डॉक्टर म्हणाले, "आधी गाठ काढू." गाठीबरोबर आवाजही गेला, उरली नुसती कुजबुज. अंकल आले की तू आत जाऊन बसायचीस. दुपारी रिकामा मिक्सर लावायचीस आणि त्या घरघरीआड गाऊन बघायचीस. एकदा मी मागे उभी असताना तू मिक्सर बंद केलास. ओटा धरून म्हणालीस, "हवाच येतेय गं. नुसती हवा." पुढे गाठ परत आली, आणि तू गेलीस.

आता माझी लेक गाते. "आजी कशी गायची?" सारखं विचारते. वेड्यासारखी तुझं एखादं रेकॉर्डिंग शोधतेय मी. हॉटेलच्या जागी बँक्वेट हॉल झालाय, तिथे कुणाला काही माहीत नाही. शेवटी अंकलना गोव्याला फोन केला. ते म्हणाले, "बेटा, रेकॉर्ड करनाच रह गया. हमको लगा, बहुत टाइम है." फोन ठेवून मी जमिनीवर बसून रडले.

हे पत्र कुठे पाठवणार? साड्यांखाली ठेवून देईन. लेकीला मी सांगते, आजीचा आवाज जाडसर होता, भरदार होता, असं काहीबाही. खरं तर आई, मला तो आता आठवतच नाही.