प्रस्थान रंगरावांच्या घरी

तंजावूर,
राजवाड्यामागची गल्ली

तीर्थस्वरूप महालक्ष्मीअक्कांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, म्हणजे कामाक्षीचा, साष्टांग नमस्कार. (सातच अंगं धरा. डावा गुडघा अजून वाकत नाही.) तुमचं बीपी कसं आहे? सकाळची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या आणि मग पुढे वाचा. आम्ही दोघं हिंडती-फिरती आहोत; जरा जास्तच हिंडती-फिरती, ते येईलच पुढे. देवनागरी मला मामंजींनी, म्हणजे तुमच्याच वडिलांनी शिकवली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दिसल्या तर त्या तुमच्या माहेरच्या समजा.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला आम्ही पुण्याला तुमच्या दारात असणार होतो. विनुताला तसं कळवलंही होतं. लेक तुम्हाला न्यायला आली आहे, रविवारी तुम्ही तिच्याबरोबर कायमच्या कॅनडाला निघणार, त्याआधी अकरा वर्षांनी का होईना भावाबहिणीची भेट व्हावी म्हणून हा घाट घातला होता. आणि आम्ही आलो नाही. "आला नाही ना? मला ठाऊकच होतं!" असं तुम्ही म्हणाला असाल. खुशाल म्हणा. पण आधी ऐका तरी.

तुमच्या भावाने या प्रवासाची आखणी आठ महिने केली. आठ! एवढ्यात माणसं घर बांधतात. वही चार रंगांत. तांबडी शाई गाड्यांना, हिरवी जेवणाला, निळी औषधांना, आणि काळी राहुकाळाला. चेन्नईच्या फलाटावर कॉफी कधी प्यायची तेही वहीत होतं, आणि मी साखर किती घ्यायची तेही. (मी वहीला न विचारता दोन चमचे घेते. पस्तीस वर्षं.) मी एकदा विचारलं, अहो, वाटेत एखादी जागा आवडली तर? तर म्हणाले, आवडायला वेळ ठेवलेला नाही.

आता घोळ असा झाला की गाडी गुरुवारी दुपारी दोनची, आणि गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ. झालं! घरात सुतक लागल्यासारखे बसले. मग एकदम आठवलं की आपल्यात त्यावरही तोड आहे, प्रस्थान ठेवायचं. आदल्या दिवशी चांगल्या वेळेला आपलं सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी राहुकाळात निघालात तरी तुम्ही आधीच निघालेले असता. देवाला फसवायची यापेक्षा सभ्य रीत माझ्या पाहण्यात नाही. उत्तरेला दोनच घरं. एक शिंपीणबाईचं, पण ती बॅग उघडून पाहील. दुसरं रंगरावांचं.

रंगराव तुम्ही गेल्यावर गल्लीत राहायला आले. चित्रकलेचे मास्तर होते, आता एकटेच असतात. यांच्या अगदी उलटा माणूस. सकाळी उठून बसस्टँडवर जायचं, ज्या बसला खिडकीची जागा रिकामी तीत बसायचं, बस कुठे जाते ते बसल्यावर विचारायचं. तिन्हीसांजेला परत येतात, नाही तर तिसऱ्या दिवशी. यांना तो माणूस डोळ्यासमोर नको असतो. पण दिशा उत्तरेची! बुधवारी सकाळी सव्वादहाला हे बॅग घेऊन निघाले. तिकिटं, दोघांची आधार कार्डं, चार रंगांची वही, पंचांग आणि तुमच्यासाठी घेतलेली अबोली रंगाची साडी, सगळं त्यात. मी म्हटलं, अहो, एखादा टॉवेल ठेवा की. नाही! म्हणे, महत्त्वाचं सामान गेलं तरच आपण गेलो असं होतं. उंबऱ्याच्या आत बॅग ठेवली, हात जोडले, आले. मी रंगरावांना बजावलं होतं, उद्या दुपारी एकपर्यंत कुठे जाऊ नका. ते हो म्हणाले. त्यांचं हो म्हणजे काय असतं ते मला तरी कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी आठला दाराला हे भलंमोठं कुलूप. मी फोन लावला. तो आतच वाजला. बहुतेक आमच्या बॅगेशेजारीच. ऐयो अक्का, त्या वेळचं यांचं तोंड! कुलूप फोडू म्हटलं तर म्हणाले, फोडलं तर प्रस्थान मोडतं. (हा नियम तिथल्या तिथे तयार झाला असा माझा संशय आहे.) कोपऱ्यावरची फुलवाली म्हणाली, रंगराव सार छत्री घेऊन तिरुवैयारूच्या बसला पळत गेले. मग काय, आम्हीही पळालो. माझ्या हातात एक पिवळी कापडी पिशवी, तीत पाण्याची बाटली आणि चार इडल्या.

तिरुवैयारूला हलवायाच्या दुकानात कळलं की छत्रीवाले आले होते, पावशेर अशोका हलवा उभ्यानेच खाल्ला आणि ओरत्तनाडूला गेले. हे विचारतात, ओरत्तनाडूलाच का? हलवाई म्हणाला, बस समोर उभी होती म्हणून. तुमच्या भावाला इतका राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. जगात कारणाशिवाय माणूस कुठे जातो हेच त्यांना सहन होत नव्हतं. मी तेवढ्यात हलवा घेतला. वेळ ठेवलेला नव्हता, तरी घेतला.

ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रात, त्या जुन्या धर्मशाळेत, पोचलो तर पायरीवर कागदाचे तुकडे. रंगराव सकाळभर तिथे बसून दगडी हत्तीचं चित्र काढत होते म्हणे, आणि नुकतेच कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. दोन वाजले. तिकडे आमची गाडी सुटली, आणि इकडे हे पायरीवर बसले ते बसलेच.

अक्का, आता हे नीट वाचा. मी चिडून म्हटलं, कशाला हवी होती ती प्रस्थानाची भानगड? तर म्हणाले, विनुताच्या लग्नासारखं परत व्हायला नको होतं. तुम्हाला वेगळं सांगायला नको. सख्खा मामा तुमच्या कार्यालयापासून दहा मिनिटांवरच्या लॉजवर शनिवारचा राहुकाळ संपायची वाट बघत बसला, साडेदहाला निघाला, वाटेत मिरवणुकीत अडकला, आणि पोरीला मांडवात आणलं शेजारच्या बिऱ्हाडातल्या परक्या गृहस्थाने. तुम्ही म्हणालात, यापुढे माझ्या दारात यायचं तर पंचांग घरी ठेवून ये. तुमचं काय चुकलं? तुमच्या जागी मी असते तर पंचांग त्यांच्या डोक्यात घातलं असतं. पण ती आठ महिन्यांची वही प्रवासासाठी नव्हती हो. त्यांना गाडीची भीती नाही, तुमच्या दाराची आहे. आखणी चालू आहे तोवर दार वाजवावं लागत नाही. छत्राच्या पायरीवर ते लहान मुलासारखे रडले आणि मीही रडले, आणि मग भूक लागली म्हणून त्या चार इडल्या खाल्ल्या.

तेव्हा ठरल्या गाडीने येणं झालं नाही, त्याची क्षमा असावी. विनुताला आशीर्वाद. थंडीच्या देशात जाताय, कान बांधत जा.

आपली,
कामाक्षी

ता. क. साडी बॅगेत राहिली. हलवा आहे, पण पावशेरातला निम्माच. बाकीचा कुठे गेला ते विचारू नका.

ता. क. दुसरा : वर तंजावूर लिहिलंय ते हाताच्या सवयीने. पत्र बंगळुरूच्या बसस्टँडवर लिहिलं. झालं असं की इडल्या संपल्यावर हे एकदम उठले, समोरच्या बसकडे बोट दाखवून म्हणाले, खिडकी रिकामी आहे. मी कुठली बस ते विचारलं नाही. पुढे आणखी चार बस झाल्या. तुम्हाला फोन करता आला असता, माझा फोन जवळच आहे. पण फोनवर तुम्ही "नको येऊस" म्हणाला असतात तर हे तिथून परत फिरले असते. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

ता. क. तिसरा : आताच रंगरावांचा फोन आला. घरात एक बॅग सापडली, कुणाची आहे विचारत होते. सांगितलं, तर म्हणाले, पुणं पाहिलं नाही, घेऊनच येतो. त्यांना उतरायला जागा द्याल का, हे मी विचारत नाही. ते कधी आणि कुठे पोचतील ते त्यांनाच माहीत नाही.

ता. क. शेवटचा : हे पत्र तुमच्या वॉचमनच्या हाती वर पाठवते आहे. आम्ही खाली, त्याच्या खुर्चीपाशी उभे आहोत. आज शनिवार आणि सव्वानऊ वाजलेत. साडेदहापर्यंत राहुकाळ आहे हे यांना पंचांगाशिवायही पाठ आहे. मी म्हटलं, थांबू या का? म्हणाले, नको, अकरा वर्षं थांबलो. हातात काही नाही, पंचांग घरी नाही पण रंगरावांकडे आहे, तेवढं चालवून घ्या. वर येऊ का, एवढं गॅलरीत येऊन सांगा.